‘च’ला एक रुपया

लाखनी वरून कशी दिसते, हे लाखनीत साठ वर्षं काढलेल्या माणसाला ठाऊक असायचं काही कारण नाही. आमच्या गावाला डोंगर नाही, किल्ला नाही. सगळ्यात उंच म्हणजे पाण्याची टाकी, आणि तिच्यावर चढतो तो एकतर टाकी धुणारा, नाहीतर मागण्या मान्य करून घेणारा. मी दोहोंतही मोडत नाही. पण महामार्गाचा उड्डाणपूल गावावरून गेला आणि माझ्यासारख्याचीही सोय झाली. गेल्या फेब्रुवारीत मी लाखनी वरून पाहिली. एकाच दिवशी दोनदा पाहिली. एकदा साकोलीकडे जाताना, एकदा भंडाऱ्याकडे जाताना. दोन्ही वेळा मला खरं तर खाली उतरायचं होतं.

त्या दिवशी भाचीचं साक्षगंध होतं. पुण्याकडे साखरपुडा म्हणतात तेच ते. भाची मानसशास्त्रात एम.ए. शिकत असताना तिला प्रयोगाला माणूस लागायचा, आणि प्रयोगशाळेतला उंदीर विकत आणावा लागतो, मामा फुकट. तिचं निदान पहिल्याच सुट्टीत झालं: मामाला स्वतःला शिव्या घालायची सवय आहे.

निदान चूक नव्हतं. घरात दूध उतू गेलं आणि मी त्या वेळी बाजारात असलो, तरी मला वाटतं की आपण घरी असतो तर गेलं नसतं. 19 नोव्हेंबर 2023 ला भारत विश्वचषकाचा अंतिम सामना हरला, तो मी मध्येच खुर्ची सोडून पलंगावर बसलो म्हणून, हे मी अजून कोणाला सांगितलेलं नाही. माझ्या मते ही जबाबदारीची जाणीव. बायकोच्या मते हा रिकामपणा. आमचा जिल्हा तसा या बाबतीत निबर आहे. 1954 च्या पोटनिवडणुकीत भंडाऱ्यानं बाबासाहेबांना पाडलं. जिल्ह्यानं त्यापायी कपाळ बडवून घेतल्याचं मी ऐकलेलं नाही. जिथं बडवायचं तिथं बडवलं नाही, तो सगळा कोटा बहुतेक माझ्या वाट्याला आला.

भाची म्हणाली, “मामा, तुझा सगळा रोग एका अक्षरात आहे. ‘च’.”

मी तीस वर्षं मराठी शिकवलेला माणूस. म्हटलं, ‘च’ हे शुद्ध शब्दयोगी अव्यय आहे, त्याला रोग म्हणायचं नाही.

“माझंच चुकलं. मीच गाढव. मलाच कसं कळत नाही. मोज ना तू,” ती म्हणाली. मग तिनं मला अल्बर्ट एलिस समजावून सांगितला. न्यूयॉर्कच्या या गृहस्थानं 1955 च्या सुमारास विवेकनिष्ठ मानसोपचार सुरू केला आणि आपल्याकडे कि. मो. फडक्यांनी तो मराठी माणसाला मराठीतून समजावला. मुद्दा एवढा की कृती चुकली तर कृतीला चूक म्हणा, माणसाला बाद करू नका. गणित चुकलं म्हणजे मुलगा चुकला असं होत नाही. हे वाक्य मी स्वतः पालकसभेत किमान पन्नासदा म्हटलेलं. दुसऱ्यांच्या पोरांसाठी.

‘च’बद्दल मात्र मला त्या रात्री झोप आली नाही. व्याकरणात मी शिकवत आलो की शुद्ध शब्दयोगी जोडलं तरी शब्दाचं सामान्यरूप होत नाही. ‘घर’चं ‘घरच’ होतं, ‘घराच’ होत नाही. शब्द जसाच्या तसा उभा राहतो. माणसाचं काय होतं ते व्याकरणाच्या पुस्तकात दिलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं एक रिकामा डबा फ्रिजवर ठेवला. स्वतःच्या नावापुढे लावलेल्या प्रत्येक ‘च’ला एक रुपया दंड. वसुलीचा अधिकार मामीकडे. मामीनं हा अधिकार असा वापरला की टोलनाक्यावाल्यांनी शिकून घ्यावं. मी न्हाणीघरात पुटपुटलेला ‘च’सुद्धा तिला स्वयंपाकघरात ऐकू यायचा. संक्रांतीपर्यंत डब्यात दोनशे चौदा रुपये जमले आणि त्यात तिनं स्वतःसाठी एक चांगली किसणी घेतली.

पुढच्या सुट्टीत प्रश्नावली आली. क्रिस्टिन नेफ नावाच्या अमेरिकन बाईंनी माणूस स्वतःशी किती मायेनं वागतो हे मोजायचं माप 2003 मध्ये प्रसिद्ध केलं. त्यात सव्वीस विधानं, प्रत्येकापुढे एक ते पाच गुण. भाचीनं मराठी करून आणली होती. मी प्रामाणिकपणे भरली. पाचापैकी पावणेदोन पडले. स्वतःशी प्रेमानं वागण्याच्या परीक्षेत एवढे कमी गुण मिळाले म्हणून पुढचे दोन दिवस मी स्वतःशी बोललो नाही.

“अमेरिकन जाऊ दे,” ती म्हणाली. “बुद्धघोषानं पाचव्या शतकात विशुद्धिमग्गात लिहून ठेवलंय, मैत्रीभावना सुरू करायची ती स्वतःपासून. आपल्या जिल्ह्यात, पवनीला, 1969-70 च्या उत्खननात स्तूप निघाला, मामा. दोन हजार वर्षांपूर्वी हे इथं बोलत असतील लोक.” असतील. आम्ही पवनीला जातो ते कोणाच्या तरी दहाव्याला, वैनगंगेच्या घाटावर. स्तूप राहून जातो. (माझंच... असो.)

तर साक्षगंध. मुलाकडची माणसं गोंदियाकडची. त्यांच्याकडून मुलाच्या बोटाच्या मापाचा दोरा आला होता. साधा पांढरा शिवणाचा दोरा, त्याला दोन गाठी, दोन गाठींमधलं अंतर म्हणजे जावईबापूंच्या बोटाचा घेर. अंगठी आणायचं काम मामाचं. ते मी डिसेंबरपासून लांबवत होतो, सोन्याचा भाव उतरेल म्हणून. भाव काय करत होता ते सांगत नाही, पेपर तुम्हीही वाचता. शेवटी आदल्या दिवशी नागपूर गाठलं, इतवारीच्या सराफ्यात शिरलो, दुकानदारानं ट्रे पुढे केला आणि विचारलं, “माप?”

मी शर्टाच्या खिशात हात घातला. मग पँटच्या. मग पिशवीत. मग पुन्हा शर्टाच्या, कारण हरवलेली वस्तू पहिल्या खिशात परत येते असा माझा अनुभव आहे. दोरा नव्हता. निघताना बायकोनं दारातून विचारलं होतं, “अवो, दोरा घेतला ना?” आणि मी म्हटलं होतं, “मी काय लहान आहे?” आता तिला फोन करून मापाचं विचारणं म्हणजे मी लहान आहे हे सोन्याच्या दुकानातून कळवणं. मी माझं बोट पुढे केलं. मग वाटलं, पोरगा जवान आहे, बोट जाड असेल. एक माप मोठी घेतली. मग वाटलं, लहान झाली तर भर मांडवात बोटात जाणार नाही, मोठी झाली तर निदान जाईल तरी. आणखी एक माप मोठी घेतली. घाम असा सुटला होता की पावतीसुद्धा चष्मा लावून वाचली नाही. संत्रा बर्फीचे पाच डबे घेतले, रात्री एका मित्राकडे आडवा झालो आणि छताकडे बघत पहाटेपर्यंत दोरा शोधला.

सकाळी लाल गाडीनं यायला हवं होतं. ती भंडाऱ्याला थांबते, फाट्याफाट्यावर थांबते, पण लाखनीच्या स्टँडवर आणून सोडते. मी शहाणपणा केला. रायपूरकडे जाणारी खासगी गाडी पकडली, अर्धा तास वाचावा म्हणून. खिडकीशी बसलो, मांडीवर बर्फी, आतल्या खिशात अंगठी, आणि डोक्यात कोर्ट सुरू.

हे कोर्ट माझ्याकडे कायमचं आहे. आरोपी मी, फिर्यादी मी, न्यायाधीश मी, आणि बाहेर बाकावर तारखेची वाट पाहत बसलेला तोही मी. दोरा कुठं ठेवला होतास? मोठ्या मापाची अंगठी कोणत्या अकलेनं घेतलीस? 1987 साली बहिणीच्या लग्नात फेट्यांचं गाठोडं रिक्षात विसरलास, तेव्हापासून काय शिकलास? जुन्या फायली भराभर निघत होत्या. मौदा गेलं. वैनगंगेचा पूल आला-गेला, रोज हात जोडणारा मी, त्या दिवशी नदी दिसली नाही. उलटतपासणी ऐन रंगात असताना कोणीतरी “लाखनीवाले, लाखनी” असं ओरडल्याचं मला आठवतं. मला वाटलं, न्यायालयात पुकारा झाला.

डोळे उघडे होते, म्हणून सांगू शकतो. खालून टिनाची छपरं सरकली. काळ्या टाक्या. कोणाच्या गच्चीवर वाळत घातलेल्या मिरच्या. मग एक निळा-पिवळा मांडव दिसला आणि मनात आलं, अरे वा, आज आणखी कोणाकडे तरी कार्य दिसतंय. मांडवाशेजारी दोरीवर हिरवा टॉवेल होता. त्याच्या कोपऱ्याला इस्त्रीनं पडलेलं भोक होतं. ते भोक मी पाडलं होतं.

मी उठलो. क्लीनर पोरगा जवळ आला. “काका, लाखनी तो पीछे गया. रोकूं क्या?”

आता इथं कोणीही शहाणा माणूस ‘रोक’ म्हणाला असता. पोरगा स्वतः विचारत होता. पूल संपत होता. एक किलोमीटर मागे चालत आलो असतो तर घरी. पण मी चाळीस प्रवाशांकडे पाहिलं. हे सगळे वेळेवर रायपूरला निघालेले, आणि यांचा खोळंबा कोणामुळे? मी म्हणालो, “नको बाळा, राहू दे. चूक माझीच आहे.” एक रुपया. आणि गाडीत बसून राहिलो. चूक माझी म्हणून शिक्षाही पुरी भोगायची, या न्यायानं मी साकोलीपर्यंत गेलो. मुंडीपार गेलं, जंगल लागलं, मी सरळ बसून होतो, हातकडी घातल्यासारखा.

साकोलीला उतरलो तेव्हा सव्वादहा झाले होते. अकराचा मुहूर्त. फोनवर बायकोचे सहा मिस्ड कॉल. मी मेसेज पाठवला: ‘रस्त्यात आहे.’ यात खोटं काही नव्हतं. कोणत्या रस्त्यात ते तिनं विचारलं नव्हतं.

स्टँडसमोरच्या टपरीवर पोचलो आणि तिथं मला भाचीचा उपाय आठवला. ती म्हणायची, मामा, तुझ्या जागी तुझा मित्र असता तर त्याला काय म्हणाला असतास? तेवढंच स्वतःला म्हण. मी प्रयत्न केला. माझ्या जागी माझा एक जुना सहकारी मास्तर कल्पिला. तो अंगठी घेऊन साकोलीला उतरला असता तर मी काय केलं असतं? पाठीवर थाप मारली असती. ‘होते गा असं, बस, चहा घे,’ म्हटलं असतं. मग घेऊ या. मी चहा सांगितला. पण मित्राला एकट्याला चहा पाजत नाहीत, आपणही घेतो सोबत. म्हणून दोन सांगितले.

टपरीवाल्यानं दोन कप ठेवले. “दुसरा कोनाले जी?”

“आहे एक जण. दमलेला आहे,” मी म्हणालो.

तो काही बोलला नाही. फक्त बिस्किटांची बरणी माझ्यापासून जरा लांब सरकवली.

मी पहिला कप घेतला. खरं सांगतो, बरं वाटलं. दुसऱ्याकडे पाहून हळूच म्हणालो, “होते गा असं.” आणखी बरं वाटलं. मित्राला नुसता चहा बरा दिसत नाही म्हणून बर्फीचा एक डबा फोडला आणि दोन तुकडे काढले. संत्रा बर्फी आणि टपरीचा चहा हे काही जमणारं जोडपं नाही, पण त्या दिवशी जमलं. गेल्या कित्येक वर्षांत मी स्वतःबरोबर इतका निवांत बसलो नव्हतो. तेवढ्यात समोरून भंडाऱ्याची लाल गाडी स्टँडमधून निघाली, वळली आणि गेली. दोन्ही हातांत कप असल्यामुळे मला हात करता आला नाही.

कोर्ट पुन्हा भरणार, एवढ्यात एक पांढरी गाडी टपरीपाशी थांबली. काच खाली झाली. आतून एक फेटा बाहेर आला.

“काहून जी मामाजी, तुमी इथं?”

मुलाचे वडील. मागे मुलगा, मुलाची आई, आत्या, आणि मांडीवर ओटीचं सामान. पाहुणे लाखनीत उतरायच्या आधी मामा साकोलीला दोन कप चहा घेऊन उभा. मी तोंड उघडणार, तर तेच म्हणाले, “आमाले घ्यायले आले का जी? एवढ्या दूर? अन् चाय पन घेऊन ठेवला?” आणि त्यांनी माझ्या मित्राचा कप उचलून एका घोटात संपवला.

आयुष्यात पहिल्यांदा मी स्वतःच्या बाजूनं गप्प बसलो.

मला पुढे बसवलं. वाट दाखवायला. व्याही माणूस शेतीतला, तोंडभर बोलणारा. विषय निघाला तलावांचा. तुम्हाला ठाऊक असेल, आमच्याकडे ‘मामा तलाव’ म्हणतात ते मामाचे नसतात. माजी मालगुजारी तलावांचं ते सरकारी लघुरूप. कोहळी लोकांनी पूर्वी बांधलेले, पुढे मालगुजारांकडे असलेले, आणि 1950 च्या कायद्यानं मालगुजारी गेल्यावर सरकारजमा झालेले. बांधणाऱ्याला पाळीची माया होती. मालक बदलला आणि गाळ साचत गेला. “पानी किती मावते ते तरावाच्या आकारावर नाही जी, गाळावर हाय,” व्याही म्हणाले. “वरून पाहाल तं केवढा मोठा! अन् आत गुडघाभर. आमच्या गावच्या मामाचं तसंच झालं.” मग माझ्याकडे बघून घाईनं म्हणाले, “तराव म्हनतो जी मी.”

मला हे फारच पटलं. मी गाळाबद्दल बोलू लागलो. उपसायचा कधी, टाकायचा कुठं, तो शेतात टाकला तर धानाला किती चांगला. बोलता बोलता ड्रायव्हरनं विचारलं, “सायेब, इथून खाली घेऊ का?” मी हात वर केला. मला म्हणायचं होतं, थांब जरा, वाक्य पुरं होऊ दे. त्याला वाटलं, सरळ.

टिनाची छपरं. काळ्या टाक्या. मिरच्या. निळा-पिवळा मांडव, आता दुसऱ्या बाजूनं. या वेळी गच्चीवर बायको उभी होती, कपाळावर हात धरून पुलाकडे पाहत. आमची नजरानजर झाली असं मी म्हणणार नाही, पण फोन लगेच वाजला.

“अवो, नवरदेवाले घेऊन कोठी पळता?”

गाडीत शांतता. मी व्याह्यांकडे वळलो आणि सुरू झालो. चूक माझीच, मीच लक्ष दिलं नाही, मलाच सकाळपासून... तीन रुपये एका दमात. आणि मग थांबता येईना. दोरा सांगितला, दुकान सांगितलं, सकाळची गाडी सांगितली, साकोलीचे दोन कप कोणासाठी होते तेही सांगितलं.

व्याही काही क्षण माझ्याकडे नुसते बघत राहिले. मग हसू लागले. पोटापासून, फेटा सुटेपर्यंत. “म्हंजे मी तुमच्या दोस्ताचा चाय पेलो का जी!” मागे आत्या हसली, मुलाची आई हसली, ड्रायव्हरनं गाडी बाजूला घेतली आणि तोही हसला. व्याही डोळे पुसत म्हणाले, “मामाजी, माह्या लगनात वरात दुसऱ्याच गावात गेली होती. तिथं पन मांडव होता. आमी चाय पेलो, नाश्ता केला, मंग समजलं. चांगला होता नाश्ता.” एवढं बोलून त्यांनी फेटा बांधायला घेतला. त्या गोष्टीत कोणाची चूक होती हे त्यांनी सांगितलं नाही. मीही वाट पाहिली, पण ते आलं नाही. नाश्ता आला.

वळून परत आलो तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. गाडीतून उतरताना व्याह्यांनी जमलेल्या मंडळींना आवाज दिला, “तुमचं गाव वरून पाहून आलो जी! मोठं झालं लाखनी!” लोक हसले, चहा फिरला, मुहूर्ताचं कोणी नाव काढलं नाही. भटजीच स्वतः पावणेबाराला आले. म्हणजे मी साकोलीला न जाता अकराला घरी आलो असतो तरी पाऊण तास त्यांची वाट पाहत स्वतःला दोष देत बसलो असतो.

चार डबे बर्फी आणि एक फोडलेला, हे बायकोनं मोजलं. बोलली नाही. कार्य पार पडेपर्यंत ती काही बोलत नाही, हा तिचा नियम आहे.

पूजा झाली, ओटी भरली, अंगठ्या निघाल्या. भाचीची अंगठी बसली. मग तिनं मुलाच्या बोटात माझी अंगठी घातली. ती नखावरून, पेरावरून अडखळली नाही, थेट बुडाशी गेली, आणि त्यानं हात खाली करताच परत येऊन ताटात पडली. टण्‌ असा आवाज झाला. मांडव एकदम गप्प.

मला ते नीट दिसलं नव्हतं. जवळचं दिसायला चष्मा लागतो. मी पिशवीतून चष्म्याचं घर काढलं, उघडलं. चष्म्याच्या काचेवर, हरवू नये म्हणून अगदी व्यवस्थित गुंडाळून ठेवलेला, दोन गाठींचा पांढरा दोरा होता.

भाचीनं पाहिलं. तिनं तो माझ्या हातातून घेतला, अंगठीच्या आतल्या बाजूला गुंडाळू लागली. तिथं उकिडवं बसून, दातांनी टोक तोडून, वेढ्यावर वेढा. मुलगा बोट पुढे करून उभा. सातव्या-आठव्या वेढ्याला अंगठी बसली. टाळ्या पडल्या.

“कुठं होता दोरा?” बायकोनं मागून विचारलं. तिचा एक डोळा फ्रिजकडे होता.

“माझ्याजवळ...” मी म्हणालो, आणि तिथं थांबलो. ती वाट पाहत होती. भाचीही मान वर करून वाट पाहत होती.

“माझ्याजवळ होता,” मी म्हणालो. “चहा आण गं. दोन.”